शनिवारचा खाडा

आमच्या घरात पर्मनंट असं काहीच नव्हतं. पत्रा पर्मनंट नव्हता, नळ पर्मनंट नव्हता, आणि बाबांची नोकरी तर नव्हतीच नव्हती. घाटकोपरच्या टेकडीवर, पायऱ्या संपून नुसता चढ सुरू होतो तिथं आमची दहा बाय बाराची खोली. बाबा साकीनाक्याला प्लॅस्टिकची झाकणं काढणाऱ्या एका कारखान्यात मशीनवर होते. होते म्हणजे आठ महिने असायचे, मग नसायचे. आठ महिने भरत आले की ठेकेदार खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "जरा पंधरा दिवस गावाकडं जाऊन या." याला ब्रेक म्हणायचे. सलग फार दिवस भरले तर माणूस पर्मनंट व्हायचा हक्क सांगतो, म्हणून तो हक्क उगवायच्या आधीच खुडायचा. पंधरा दिवसांनी बाबा परत जायचे. नवीन कार्ड, नवीन तारीख, पहिला दिवस. सतरा वर्षं माझे बाबा त्या कारखान्यात नवीन होते.

ठेकेदार चौथी शिकलेला. त्याच्याकडं कॉम्प्युटर नव्हता, लाल पुठ्ठ्याची एक वही होती. पण त्या वहीत एका दिवसाचीही चूक कधी झाली नाही. पुढं मी तारखा आणि वेळांचंच सॉफ्टवेअर लिहायला लागले, मोठमोठ्या डिग्र्यांची माणसं जवळून पाहिली. तारखांच्या बाबतीत त्या ठेकेदाराइतका अचूक माणूस मला आजवर भेटलेला नाही.

मी शाळेतनं आले आणि बाबा भरदुपारी खोलीत बसलेले दिसले, की समजायचं, आठ महिने झाले. त्या पंधरवड्यात आमच्याकडं भाजी नुसती नावाला असायची आणि बाबा गावाला जात नसत, कारण जायला तिकीट लागतं. ते पायरीवर बसून शेजाऱ्यांना सांगायचे, "सुट्टी घेतलीय."

आई हॉस्पिटलात झाडू-पोछा करायची. तीही ठेकेदाराकडूनच. ओपीडी उघडायच्या आधी सगळं लख्ख हवं म्हणून तिची पाळी पहाटे सव्वापाचला सुरू व्हायची. रविवारी ओपीडी बंद, म्हणून आईला रविवारी सुट्टी. बाकी सहा दिवस ती पावणेपाचला टेकडी उतरायला लागायची. कामावर न जाणं याला आमच्याकडं खाडा म्हणतात. आईचे सगळ्या नोकरीतले खाडे मला तोंडपाठ होते, कारण ते दोनच होते: एक आजी गेली तेव्हा आणि एक मी डेंग्यूनं पडले तेव्हा.

आमच्या घरात एक घड्याळ होतं. बाबांच्या कारखान्यानं एका दिवाळीत दिलेलं, प्लॅस्टिकचंच. आईनं ते वीस मिनिटं पुढं लावून ठेवलं होतं, म्हणजे उशीर होणार नाही. आता आपणच पुढं लावलेलं घड्याळ आपल्याला कसं फसवणार, हा प्रश्न मी आईला विचारला होता. ती म्हणाली, "अगं, झोपेत माणसाला कुठं वजाबाकी येती?" तेव्हा मला हसू आलं होतं. पुढं ऑफिसात कळलं की अमेरिका नावाचा जवळजवळ अख्खा देश दरवर्षी उन्हाळा जवळ आला की सगळी घड्याळं एक तास पुढं करतो आणि हिवाळ्याच्या तोंडाशी मागं घेतो. त्याला इंग्रजीत भारदस्त नाव आहे आणि त्यावर माणसं पुस्तकं लिहितात. आई करायची तेव्हा शेजारीण म्हणायची, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

दहावीच्या पहिल्या पेपराला मात्र घोळ झाला. बाबांना वाटलं, पोरीचा पेपर आहे, धोका नको. त्यांनी कुणाला न सांगता घड्याळ आणखी दहा मिनिटं पुढं केलं. मला तेच वाटलं, मी गुपचूप पंधरा मिनिटं केलं. साडेनऊला केंद्रावर पोचायचं ठरलं होतं. आम्ही तिघं पोचलो पावणेनऊला. फाटक बंद, वॉचमन दात घासतोय.

"आज पेपरच आहे ना?" बाबांनी मला विचारलं.

"आजच आहे."

"मग घड्याळ कुणी हलवलं?"

"मी नाही," आई म्हणाली. "माझे आपले नेहमीचे वीस."

"मी थोडंसंच," बाबा म्हणाले. मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुस्तक उघडलं.

वॉचमननं चूळ भरली आणि म्हणाला, "एवढ्या लवकर तर सुपरवायझर पण येत नाय. बसा कट्ट्यावर." कट्ट्यावर बसून मी पहिला धडा शिकले: प्रत्येकानं सावधगिरी म्हणून आपापली मिनिटं मिळवली, की वेळ कुणाचीच राहत नाही. हा धडा मला कुठल्याही कॉलेजनं दिला नाही. कॉलेजनं दिला असता तर तो मला पाठ झाला असता, आणि विसरलाही असता.

तारखांचं आणखी एक. आमच्या घरात तिघांपैकी दोघांचा वाढदिवस एक जूनला. माझ्या दोन्ही काकांचाही. आईच्या माहेरी तर सातजण एक जूनचे. गावच्या हेडमास्तरांसमोर पोर उभं केलं, त्यांनी विचारलं, "कधी जन्मला?" आजीनं सांगितलं, "जयंतीची मिरवणूक झाली, त्याच्या चौथ्या दिवशी." ही तर एप्रिलातली सरळ तारीख होती. पण हेडमास्तरांनी रजिस्टरात लिहिलं, एक जून. शाळा जूनमध्ये उघडते ना, मग पोरंही जूनमध्येच जन्मली पाहिजेत. अख्ख्या महाराष्ट्रात अशी एक जूनची माणसं भरलीत. माझ्या ऑफिसातल्या एकानं पहिल्यांदा कुठल्याशा गिऱ्हाइकाची माहिती उघडली आणि ओरडला, "यार, डेटा करप्ट आहे, निम्म्या लोकांचा बर्थडे सेम आहे!" मी म्हटलं, "करप्ट नाही रे. ती आमची माणसं आहेत."

मी बीएस्सी आयटी झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी. हे मी चारचौघांत सांगते, आणि कुणी नाक मुरडलं तर दुसऱ्यांदा सांगते. मला अंधेरीला, मरोळच्या बाजूला एका कंपनीत नोकरी लागली. आठ महिन्यांचं प्रोबेशन, म्हणजे पर्मनंट नाहीच. बाबांनी विचारलं, "ब्रेक देतात का?" मी म्हटलं, "नाही, ब्रेकमध्ये कॉफी देतात."

कंपनी काय करायची, तर हजेरीचं सॉफ्टवेअर. कारखाने, दवाखाने, शाळा, जिथं माणसं येतात-जातात तिथं दाराशी एक यंत्र लावायचं. माणसानं आत येताना बोट किंवा कार्ड टेकवलं, म्हणजे पंच केलं, की वेळ आमच्याकडं येणार आणि कोण कुठल्या दिवशी हजर, कोण गैरहजर, ते आमचा प्रोग्रॅम ठरवणार. म्हणजे बघा, ठेकेदाराची लाल वही आता मी लिहिणार होते. मला याचा फार अभिमान वाटला. विचार करायला वेळ नव्हता, म्हणून नुसता अभिमानच वाटला.

आमचा टीम लीड मुलुंडचा. तीन पिढ्या ऑफिसात बसलेलं घर. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त सगळं सोपं वाटायचं, कारण त्याला सगळं सोपंच मिळत आलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला काम दिलं: पंच आला की तो कुठल्या दिवसात धरायचा, तेवढा तुकडा लिही.

"टाइम झोनचं बघायला लागेल ना?" मी विचारलं.

"अगं, त्यात काय बघायचंय? साडेपाच तास मिळवायचे, संपलं."

आता हे साडेपाच तास काय, ते सांगते. कॉम्प्युटरच्या पोटात अख्ख्या जगाची वेळ एकाच घड्याळात ठेवतात. ते घड्याळ विलायतेतल्या ग्रीनिचचं. आपण त्याच्या साडेपाच तास पुढं. पोटात ग्रीनिचची वेळ ठेवायची आणि माणसाला दाखवताना त्याच्या गावाची करून दाखवायची. बाकी बरंचसं जग अख्ख्या तासांत चालतं. आपण मात्र वर अर्धा तास घेतला, नेपाळनं तर पाऊण घेतला. गावांची यादी असते, त्यातनं आपलं गाव निवडायचं. त्या यादीत मुंबई नाही. कोलकाता आहे. आमच्या टीममधला बोरिवलीचा एकजण दहा मिनिटं मुंबई शोधत होता. मग म्हणाला, "आपली वेळ पण आता बंगालकडून घ्यायची?" वास्तविक या शहरानं एके काळी देशाची वेळ मानायला साफ नकार दिला होता आणि एकोणचाळीस मिनिटं मागं राहून स्वतःचं घड्याळ चालवलं होतं. आता सगळे मुकाट कोलकाता निवडतात आणि चहा प्यायला जातात.

मी तुकडा लिहिला आणि चाचण्या लावल्या. साडेनऊला आलेला माणूस, दहाला आलेला, सव्वादहाला आलेला आणि रस्त्याला दोष देणारा, अर्ध्या दिवसासाठी बाराला आलेला. सगळं हिरवंगार, म्हणजे पास. लीडनं पाहिलं आणि म्हणाला, "झकास. अजून एखादा लवकर येणारा पण टाक." मी नऊचा टाकला. आमच्या ऑफिसात नऊ म्हणजे पहाट.

आमची रोज साडेदहाला एक उभ्यानं करायची मीटिंग असते. काल काय झालं नाही आणि आज काय होणार नाही, ते प्रत्येकानं उभं राहून सांगायचं. त्यात लीडनं माझं नाव घेतलं आणि टाळ्या वाजल्या. आमच्या सिस्टिमचा आणखी एक तुकडा होता, लीडनं स्वतः लिहिलेला. तो कर्मचाऱ्यांच्या वाढदिवसाला शुभेच्छा पाठवायचा. त्या नेहमी आदल्या दिवशी यायच्या. "ॲडव्हान्स विश," लीड म्हणायचा, "पर्सनल टच वाटतो." सगळ्यांनाच तो वाटायचा.

थोड्याच दिवसांत आमच्या सेल्सवाल्यानं सॉफ्टवेअर घाटकोपरच्या एका हॉस्पिटलला विकलं. ते माझ्या आईचंच. आईनं गल्लीभर सांगितलं, "मशीन माझ्या पोरीनं केलंय." यंत्रात बोट टेकवायला गेली तर यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. फिनेल आणि ॲसिडनं तिच्या बोटांवरच्या रेषा कधीच्या पुसल्या होत्या. ओपीडीच्या सगळ्या बायकांचं तेच. मग त्यांना कार्डं दिली. आईनं ते कार्ड गळ्यात असं मिरवलं की जणू परीक्षेत पहिली आली.

आणि मग हॉस्पिटलनं एक नोटीस लावली. ठेकेदाराकडच्या ज्या बायकांचा यंत्र बसल्यापासून सहा महिन्यांत बिनपरवानगी एकही खाडा नसेल, त्यांना हॉस्पिटल स्वतःच्या नोकरीत घेणार. ठेका नाही, ब्रेक नाही. पर्मनंट.

आई नोटीस वाचता येते तेवढी वाचून आली आणि जेवताना बाबांना म्हणाली, "मला घेतील."

बाबा म्हणाले, "घ्यायला पाहिजेत."

एवढंच. आमच्याकडं अशा गोष्टी मोठ्यानं बोलत नाहीत, दृष्ट लागते. पण त्या सहा महिन्यांत आई तापातसुद्धा गेली. एकदा पाय मुरगळला तर बाबांनी तिला धरून टेकडी उतरवली. घड्याळ तिनं आणखी पाच मिनिटं पुढं केलं.

सहा महिने भरत आले तसं हॉस्पिटलनं तिथं काम करणाऱ्या प्रत्येकाला माहिती तपासायला एक कागद दिला. आमच्याच सॉफ्टवेअरमधून छापलेला. आईच्या कागदावर नाव बरोबर, पत्ता बरोबर, जन्मतारीख एकतीस मे.

"एक दिवसानं म्हातारी केली की गं मला," आई म्हणाली.

बाबा हसले. "नाहीतरी कुठं खरी होती? हेडमास्तरची खोटी, ही आणखी खोटी."

मीही हसले. कॉम्प्युटरची पदवीधर, हजेरीच्या सॉफ्टवेअरची लेखिका, हसले आणि भाकरी वाढून घेतली.

पुढच्या सोमवारी कच्ची यादी लागली. पक्की यादी शुक्रवारी लागणार होती. मी संध्याकाळी घरी आले तर आई ओट्यापाशी उभी होती, नुसतीच, काही न करता. तिच्या नावापुढं सव्वीस खाडे लिहिले होते. आईधरून ओपीडीच्या अकराही बायकांपुढं तसेच. एचआरच्या साहेबानं सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं होतं, "शनिवारी सगळ्या मिळून दांडी मारता आणि रविवारी, ओपीडी बंद असताना, येऊन बसता. असं कसं चालेल? कॉम्प्युटर काय खोटं बोलतो?"

आईनं मला तेच विचारलं. "तुझं मशीन खोटं बोलायलंय का गं?"

आणि मी काय म्हणाले ते लिहायला मला आजही जड जातं. मी म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही, आई. बायका एकमेकींना कार्डं देत असतील. तू नीट आठव."

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिनं गळ्यातलं कार्ड काढलं आणि खिळ्याला अडकवलं.

बोलले ते बाबा. ते आता मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन होते, दिवसपाळी करून नुकतेच आले होते. त्यांनी बूट काढता काढता विचारलं, "सव्वीसच्या सव्वीस शनिवारी?"

"हो."

"अकराही जणींचे?"

"हो म्हटलं ना, बाबा."

"पोरी, माणसाचा खाडा असा एका वाराला येत नाही. माणूस आजारी पडतो तो मंगळवारी पडतो, मयताला जातो तो गुरुवारी जातो. एवढं शिस्तीत माणूस चुकत नाही. हे कुणीतरी तारखेशी खेळलंय. मी सतरा वर्षं बघितलंय."

मी लॅपटॉप उघडला. आईचे पंच काढले. पडद्यावर सोमवार, पाच वाजून दहा मिनिटं. बरोबर. हजेरीत मात्र सोमवारचा पंच रविवारी धरलेला. मंगळवारचा सोमवारी. शनिवारचा शुक्रवारी. म्हणून शनिवार कायम रिकामा आणि रविवार कायम भरलेला. आठवड्याचे दिवस सहाचे सहाच, म्हणून पगाराला कुणाला काही कळलं नाही.

मग माझ्या डोळ्यांपुढं तो एकतीस मे आला.

आपल्याकडं पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा ग्रीनिचच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजतात आणि तिथली तारीख बदलते. साडेपाचच्या आधी इथं जे कोणी काम करतं, ते त्या घड्याळाच्या हिशेबानं काल असतं. पडद्यावर दाखवताना मी साडेपाच तास मिळवले होते. दिवस ठरवताना मिळवलेच नव्हते. दहाला येणाऱ्या माणसाला त्यानं काही फरक पडत नाही, त्याचा दिवस तिथंही तोच असतो. फरक पडतो तो पहाटे पाचला येणाऱ्या बाईला. आणि पाचला येणाऱ्या बाईची चाचणी मी लावली नव्हती. जिच्या पायऱ्या उतरण्याच्या आवाजानं मी वीस वर्षं जागी होत आले, तिची. सहा-सात महिने एसीत बसून मीसुद्धा दहाची झाले होते.

"सापडलं का?" बाबांनी विचारलं.

"सापडलं."

"कोण आहे?"

"मी आहे," मी म्हटलं.

आई म्हणाली, "मग दुरुस्त कर की. शुक्रवार हाय."

मंगळवारी मी लीडपुढं उभी राहिले. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "ओके, हा बग नाहीये. हा एज केस आहे." एज केस म्हणजे अशी चूक, जी आपल्या ओळखीतल्या कुणाला लागत नाही. "पुढच्या महिन्याच्या रिलीजमध्ये घेऊ. आणि मला सांग, पाच वाजता कामाला येतं कोण?"

"माझी आई."

मग त्यानं मीटिंग लावली. मीटिंगमध्ये पाचजण. बोरिवलीवाला म्हणाला, "सोपं आहे, जुन्या सगळ्या पंचांना साडेपाच तास मिळवून टाकू." दुसरा म्हणाला, "सेफ्टीसाठी रिपोर्टमध्ये पण मिळवू." तिसरा म्हणाला, "यंत्रातच मिळवलं तर?" मला ते केंद्राचं बंद फाटक दिसलं आणि दात घासणारा वॉचमन.

"कुणीही काही मिळवायचं नाही," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच. "पंच जसा आहे तसा राहू दे. यंत्र कुठल्या गावात आहे ते विचारायचं, त्या गावात तेव्हा कुठला दिवस होता ते विचारायचं, आणि तोच दिवस धरायचा. एकदाच, एकाच ठिकाणी. आणि जुने सहा महिने परत मोजायचे."

"प्रोबेशनवर आहेस ना तू?" लीड म्हणाला. धमकी नव्हती ती, काळजीच होती, आणि म्हणून जास्त टोचली. "हे बघ, हॉस्पिटलला मेल जाईल त्यात कुणी लिहिलं, काय लिहिलं, असं काही टाकू नकोस. 'वेळेच्या संदर्भात अनपेक्षित वर्तन आढळले' असं लिहू. रिलीज पुढच्या महिन्यात."

"यादी शुक्रवारी लागणार आहे."

"आपल्या हातात नाही ते."

तेव्हा मी त्याला त्याचाच तुकडा दाखवला, वाढदिवसांचा. कागदांवरची जन्मतारीखही त्यातूनच छापली जायची. जन्मतारीख म्हणजे त्या दिवसाचे रात्रीचे बारा. त्यातनं साडेपाच तास वजा केले की तारीख आदल्या दिवसावर जाते. एक जूनचा एकतीस मे. हॉस्पिटलच्या सगळ्याच्या सगळ्या कागदांवर चुकीची जन्मतारीख छापली होती, डॉक्टरांच्यासुद्धा. ॲडव्हान्स विश, पर्सनल टच, सगळं ग्रीनिचची कृपा.

"डॉक्टरांच्या पण?" तो म्हणाला.

"मोठ्या डॉक्टरांच्या पण."

चूक पाच वाजता येणाऱ्या बायकांची होती तोवर ती एज केस होती. मोठ्या डॉक्टरांपर्यंत पोचली आणि अर्ध्या तासात ती तातडीची झाली. लीड स्वतः बाही सरसावून बसला. मी माझा तुकडा नव्यानं लिहिला आणि आधी चाचण्या लावल्या: पाच दहा, पाच एकोणतीस, पाच एकतीस, रात्रीच्या बाराला एक मिनिट कमी, बाराला एक मिनिट जास्त. पहिल्या चाचणीला मी आईचं नाव दिलं. बुधवारी दुपारी जुने सहा महिने परत मोजले. सव्वीस शनिवार एकामागून एक भरत गेले.

मेल मीच लिहिला. त्यात वर्तन वगैरे काही नव्हतं. लिहिलं होतं: दिवस मोजण्यात चूक झाली. ती माझी आहे. या अकरा कर्मचारी प्रत्येक शनिवारी हजर होत्या. लीडनं दोनदा वाचला, "तुझी मर्जी," म्हणाला, आणि कॉपीत स्वतःचं नावही घातलं. माणूस वाईट नव्हता, म्हटलं ना.

गुरुवारी एचआरच्या साहेबानं नवा रिपोर्ट पाहिला. सोमवारी जितक्या श्रद्धेनं जुना मानला होता, तितक्याच श्रद्धेनं नवाही मानला. त्यानं अकराही जणींना पुन्हा समोर उभं केलं आणि म्हणाला, "शाब्बास. गेल्या सहा महिन्यांत तुमची हजेरी सुधारली आहे."

"काय म्हणालीस तू?" मी आईला विचारलं.

"म्हटलं, होय साहेब, आता असंच सुधारत जाऊ."

मग ती माझ्याकडं वळली. मला वाटलं, आता सोमवारचं काढणार. तिनं ते आजवर काढलेलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आम्ही कार्डं कुणाला देत नसतो बरं का."

"माहीत आहे, आई."

"आता माहीत झालं," बाबा म्हणाले.

माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं. कारण लिहिलं होतं, 'तपशिलाकडे अधिक लक्ष द्यावे.' बरोबरच लिहिलं होतं. घड्याळ अजूनही पंचवीस मिनिटं पुढं आहे, आणि त्याला मी हात लावलेला नाही.

शुक्रवारी पक्की यादी लागली. आईचं नाव चौथं होतं, जन्मतारीख एक जून. त्या दिवसापासून ती हॉस्पिटलच्या नोकरीत पर्मनंट आहे. आमच्या घरातलं पर्मनंट झालेलं पहिलं माणूस माझी आई. दुसरी मी, तिच्यानंतर चार महिन्यांनी.